इलेक्ट्रॉनचा सातबारा

नागपूरहून सावनेरकडे निघालं की कोराडी दिसायच्या आधी कोराडीच्या चिमण्या दिसतात. भाविकांना त्या दिसल्या की जगदंबेचं देऊळ आलं असं कळतं. पाहुण्यांना पोरांना 'पाहा, इथे लाइट बनते' असं सांगता येतं. प्लॉट दाखवणारे एजंट गाडी अशी उभी करतात की चिमण्या पाठीमागे राहाव्यात. अकरावी सायन्सला गेलेल्या पोराला मात्र त्या पाहून एकच गोष्ट आठवायला हवी: खाली बॉयलरमध्ये शिरताना कार्बन शून्यावर होता, वरून बाहेर पडताना +४ झाला. पण त्याला ती आठवत नाही. त्याला सोमवारची टेस्ट आठवते, आणि तो मान खाली घालून सिटी बसमध्ये चढतो.

ऑक्सिडेशन नंबर हा प्रकार अकरावीत येतो तो अगदी साळसूदपणे. दहावीत पंच्याण्णव टक्के घेतलेली पोरं आधी त्याला हसतात. बेरीज-वजाबाकी तर आहे, तिसरीतली! मग दोन आठवड्यांनी तीच पोरं टेरेसवर एकटी फिरताना दिसतात. आई विचारते, 'काय झालं रे?' पोरगा म्हणतो, 'क्रोमियम +१० येऊन राहिला.' आईला वाटतं, ताप असेल.

दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात तेव्हा मधले इलेक्ट्रॉन दोघांच्या सामाईक मालकीचे असतात. प्रत्यक्षात ते कोणाकडे किती वेळ असतात, हा मोठा नाजूक मामला आहे, त्याला पुंजयांत्रिकी लागते. रसायनशास्त्रज्ञांना एवढा वेळ नाही. त्यांनी तलाठी कार्यालयाचा मार्ग पत्करला: जमीन कसतं कोण, पाणी कोण देतं, आंबा कोण तोडतो हे सगळं राहू द्या, सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते सांगा. ज्या अणूची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद जास्त, त्याच्या नावावर जोडीच्या जोडी चढवायची. मग ज्याच्या नावावर स्वतःच्या हक्कापेक्षा दोन इलेक्ट्रॉन जास्त निघाले त्याला −२, ज्याचे चार गेले त्याला +४. हाच ऑक्सिडेशन नंबर. नमुना सात आहे हा, अधिकार अभिलेख. पीक कोणी घेतलं ते नमुना बारावर पाहायचं असतं, आणि नमुना बारा अकरावीच्या अभ्यासक्रमात नाही.

आमच्या कॉलनीत वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक केमिस्ट आहेत. संध्याकाळी ते पारावर बसतात आणि त्यांच्यापुढे पोरं वह्या घेऊन येतात. एकदा एका पोराने त्यांना सरळच विचारलं.

'काका, दहावीत सांगितलं का दोघं मिळून शेअर करतात म्हणून. मंग आता सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्याच नावावर कायले?'

'कारण तो दांडगा आहे, बाप्पा.'

'पण हे तं अन्याय झाला ना?'

'हाव, झाला. पुढचं गणित सोडव.'

या उत्तरात अख्खा धडा आहे. कारण अन्याय किती बारीक फरकाने होतो ते पाहा. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये अणूंच्या ओढण्याच्या ताकदीचं मोजमाप काढलं. त्या तक्त्यात आज फ्लोरिन ३.९८ वर आहे, ऑक्सिजन ३.४४ वर. या दोघांशी कोणी भांडत नाही. पण कार्बन २.५५ आणि गंधक २.५८. फरक ०.०३! एवढ्या फरकावर कार्बन आणि गंधक यांच्यामधली जोडी पूर्णच्या पूर्ण गंधकाच्या खात्यात जाते. मोजणीत बांध वीतभर सरकला म्हणून अख्खं वावर गमावलेल्या माणसाला हे पटवून सांगावं लागत नाही. आणि समोरचा अणू त्याच जातीचा असला, म्हणजे कार्बनला कार्बन लागलेला असला, तर मात्र निम्मं-निम्मं. भावकीत तेवढी माणुसकी शिल्लक आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक महसुली माणूस आहे, हा योगायोग मला फार आवडतो. ऑक्सिजनला ऑक्सिजन हे नाव देणारे आंत्वान लाव्हॉझिए पेशाने फ्रान्समधल्या करवसुली कंपनीचे भागीदार होते. प्रयोगशाळेतसुद्धा त्यांचा स्वभाव वसुलीचाच: जाळायच्या आधी वजन, जाळल्यावर वजन, फरक कुठे गेला त्याचा जबाब. राज्यक्रांतीनंतर याच वसुलीपायी ८ मे १७९४ रोजी त्यांचं डोकं उडवलं गेलं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, म्हणजे ज्याचा हिशेब आपण करतो ती वस्तू या थोर पुरुषाला ठाऊकच नव्हती. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत वेंडेल लॅटिमर यांनी मूलद्रव्यांच्या ऑक्सिडेशन अवस्थांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि नोंदवही पक्की झाली. गंमत म्हणजे हे अंक जगभर पाठ करून घेतले जात असताना त्यांची नीट, सर्वसमावेशक व्याख्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने शिफारस म्हणून प्रसिद्ध केली ती २०१६ मध्ये. आधी वहिवाट, मग कागद. आपल्याकडे याला नवल म्हणत नाहीत.

आता नियम. नियम अगदी सोपे आहेत, अपवादांनी त्यांची अब्रू घेतली आहे. सुटं मूलद्रव्य असेल तर शून्य. फ्लोरिन संयुगात नेहमी −१, त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही. हायड्रोजन +१, पण सोडियमसारख्या गरीब धातूशेजारी बसला की −१ होऊन तोच मालक बनतो. ऑक्सिजन −२, पण हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये −१, पोटॅशियम सुपरऑक्साइडमध्ये चक्क उणे अर्धा, आणि फ्लोरिनशी गाठ पडली की या दांडग्याचाच +२ होतो. क्रोमियम +१० येतो तो इथेच. क्रोमियमशी पाच ऑक्सिजन जोडलेलं एक निळं संयुग आहे. पोरगं डोळे मिटून प्रत्येक ऑक्सिजनला −२ लावतं आणि बिचाऱ्या क्रोमियमवर दहाची वसुली काढतं. क्रोमियमकडे द्यायला इलेक्ट्रॉनच सहा आहेत! पाचांपैकी चार ऑक्सिजन पेरॉक्साइडच्या जोडीने बसलेत, ते −१ चे. क्रोमियम +६ वर सुटतो. आजवर जगात कोणत्याही अणूचा सिद्ध झालेला सर्वांत मोठा अंक +९ आहे. तो इरिडियमचा, २०१४ मध्ये मिळालेला, आणि तोही वायुरूपात क्षणभर दिसलेला. अकरावीच्या उत्तरपत्रिकांत मात्र +१० ला तोटा नाही.

पेपर काढणाऱ्यांचं सगळ्यांत लाडकं संयुग पायराइट. एक लोखंड, दोन गंधक. पोरगा गंधकाला सवयीने −२ देतो, लोखंड +४ काढतो, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. लोखंडाला +४ होताना त्याच्या उभ्या खानदानात फारसं कोणी पाहिलेलं नाही. खरी गोष्ट अशी की दोन्ही गंधक एकमेकांना धरून आहेत, भावकी आहे, तेव्हा प्रत्येकी −१ आणि लोखंड +२. कोराडीकरांना हे प्रेमाने कळायला हवं, कारण पायराइट कोळशातच असतो. सोन्यासारखा चमकतो, म्हणून इंग्रजांनी त्याला मूर्खांचं सोनं म्हटलं. तो भट्टीत जळतो तेव्हा लोखंड +३ होऊन राखेत उतरतं आणि गंधक +४ होऊन हवेत जातं. आता हे समीकरण आधी अंदाजपंचे जुळवून पाहा. इकडे ऑक्सिजन वाढवला की तिकडे गंधक कमी, गंधक वाढवलं की लोखंड पळालं. मग नंबर लावा: लोखंडाचा एक गेला, दोन गंधकांचे पाच-पाच गेले, एका पायराइटमागे अकरा. ऑक्सिजनचा रेणू घेणार चार. चार पायराइटला अकरा ऑक्सिजन. झालं. तो 'अकरा' हवेतून आलेला नाही, सातबाऱ्यावरून आला आहे. ज्या नोंदी खोट्या म्हणून आपण मघापासून नावं ठेवतो आहोत, त्यांची बेरीज कधी चुकत नाही, एवढ्या एका गुणावर हा धंदा टिकून आहे.

बॉयलरच्या नळ्यांमध्ये तर हा हिशेब रोज जगण्यामरण्याचा. पोलादी नळीच्या आतल्या बाजूला मॅग्नेटाइटचा पातळ काळा थर धरतो आणि तोच पोलादाला वाचवतो. मॅग्नेटाइटमध्ये तीन लोखंड आणि चार ऑक्सिजन. म्हणजे लोखंडाचा अंक आठ भागिले तीन. इथे वर्गात नेहमी एक तत्त्वज्ञ निघतो. 'सर, दोन पूर्णांक दोन तृतीयांश इलेक्ट्रॉन कसे देणार?' सर सांगतात, ही सरासरी आहे, तिघांपैकी एक +२ आणि दोघे +३. तत्त्वज्ञ खाली बसतो. त्याला हे कोणी सांगत नाही की मॅग्नेटाइटमधला तो जादा इलेक्ट्रॉन नेहमीच्या तापमानाला या लोखंडावरून त्या लोखंडावर इतका झरझर उड्या मारतो की कोण +२ आणि कोण +३ ते बोट ठेवून दाखवता येत नाही. उणे दीडशे अंशांच्या आसपास गारठवला की तो जरा ठिकाणावर येतो. तलाठ्याला सापडत नाही तो नुसता शेतकरीच असतो असं नाही.

आमच्या पारावरच्या केमिस्टकाकांना मॅग्नेटाइटचा विषय काढला की चढतं. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये पाण्यातला ऑक्सिजन हा वैरी नंबर एक. तो नळ्या कुरतडतो. म्हणून पाण्यात हायड्रॅझीन घालायचं. हायड्रॅझीनमधला नायट्रोजन −२, तो ऑक्सिजनला गाठून स्वतः शून्य होतो, म्हणजे साधा नायट्रोजन होऊन निघून जातो, मागे नुसतं पाणी. (हायड्रॅझीन विषारी, हाताळताना जपावं लागतं, ही गोष्ट काका दर वेळी सांगतात आणि दर वेळी तपकीर ओढायला थांबतात.) मग आले सुपरक्रिटिकल बॉयलर. कोराडीत २०१५ ते २०१७ दरम्यान ६६० मेगावॉटचे असे तीन संच सुरू झाले. यात वाफेचा दाब २२१ बारच्या वर असतो, तिथे पाणी उकळतच नाही. कुठे पाणी संपलं आणि कुठे वाफ सुरू झाली, ही सीमाच राहत नाही. आणि अशा बॉयलरांत पुष्कळ ठिकाणी अतिशुद्ध पाण्यात मुद्दाम, मोजून, अगदी किंचित ऑक्सिजन सोडतात! त्याने मॅग्नेटाइटवर +३ च्या लोखंडाचा आणखी घट्ट थर बसतो.

'म्हणजे आमी जनमभर ऑक्सिजन काढत बसलो,' काका म्हणतात, 'अन् हे पोट्टे आता पाण्यात सोडून राहिले.'

यावर पारावरचे सगळे निवृत्त लोक एकदम हुंकार भरतात. त्यांतले अर्धे अकाउंट्सचे आहेत.

मँगनीजचा विषय नागपूरकराने टाळणं बरं नव्हे. मनसर, कांद्री, गुमगाव या खाणी जिल्ह्यातच आहेत. त्या चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरात. कंपनीचा पूर्वज १८९६ सालचा. १९०९ मध्ये फर्मर नावाच्या भूशास्त्रज्ञाने भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि इथल्या एका मँगनीजधारी खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' म्हटलं. अशा या आपल्या घरच्या धातूला नंबरांची चैन भारी. +२ मध्ये जवळजवळ रंगहीन, +४ मध्ये तपकिरी-काळा, +६ मध्ये हिरवा, +७ मध्ये जांभळा. +७ म्हणजे विहिरीत टाकायचं पोटॅशियम परमँगनेट. बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर बोटांवर जे तपकिरी डाग राहतात आणि ज्यावर साबण हरतो, तो +४. हे ऐकून पारावरचं एक पोरगं म्हणालं, 'आपल्या देवीचे दिवसातून तीनच रूपं.' कोराडीची जगदंबा सकाळी कन्या, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते, अशी इथली श्रद्धा. काकांनी त्याला आधी हात जोडायला लावले आणि मग मँगनीजची सगळी रूपं लिहायला लावली.

भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी प्रसिद्ध आहे. सेलमध्ये मँगनीज +४ चं +३ होत जातं आणि तेवढीच आपली वीज. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण तो तळहातावर आपटतो, सेल काढून त्यांच्या जागा बदलतो, दातांनी चावणारेही आहेत. +३ झालेलं मँगनीज मार खाऊन +४ होत नाही. नवे सेल आणा.

गंधकाचंही सांगून टाकतो. भट्टीतून निघालेलं +४ चं गंधक हवेत काही दिवसांत +६ होतं, म्हणजे सल्फ्युरिक आम्लाच्या वाटेला लागतं. ते आधीच अडवायचं असेल तर धूर चुनखडीच्या पाण्यातून काढायचा, हवा फुंकायची, तिथेच +६ करायचं, हाती जिप्सम येतं. २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी या धुराच्या मर्यादा ठरवल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदती पुढे सरकत राहिल्या. +४ चं +६ व्हायला हवेत दिवस लागतात, फायलीत वर्षं. माझ्या मते या प्रकरणात रसायनाचा काही दोष नाही.

नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देतात, हे पुष्कळ नागपूरकरांना ठाऊक नसतं. आपण बादलीतून सोडलेलं पाणी वीज बनवायच्या कामी येतं म्हटल्यावर पुढच्या खेपेला बिल भरताना त्यांना थोडा अभिमान वाटेल. सांडपाण्यात घाण किती ते मोजायलाही हाच नंबर लागतो. डायक्रोमेटमधला +६ चा क्रोमियम संत्र्यासारखा केशरी असतो, घाण जाळता जाळता +३ चा हिरवा होतो. किती हिरवा झाला त्यावरून घाण किती. पर्यावरण संशोधन करणारी नीरीसारखी संस्था शहरात असलेल्या नागपूरकराला हे माहीत असायला हरकत नाही. +६ चा क्रोमियम विषारी, कर्करोगकारक, आणि +३ चा त्या मानाने निरुपद्रवी. धातू तोच, नंबर वेगळा. कागदी नोंद म्हणून हसणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

आता तर्री-पोह्यांकडे येऊ, नाहीतर लेख नागपूरचा वाटणार नाही. पोह्यांत मुख्य माल स्टार्चचा. स्टार्चमधल्या कार्बनचा सरासरी ऑक्सिडेशन नंबर काढून पाहा: शून्य. साखरेतला काढा: शून्य. कोळशातला? काटेकोर बोलायचं तर शून्याच्या आसपास, वर्गात सरळ शून्य. म्हणजे सकाळी ठेल्यावर उभा असलेला सद्गृहस्थ आणि मागे धूर सोडणारा बॉयलर, दोघेही शून्याचा कार्बन आत घेतात आणि +४ चा बाहेर सोडतात. बॉयलर हे काम ज्वाळांत करतो, गृहस्थ सदतीस अंशांवर, राजकारणावर बोलत. बारा किलो कार्बन पूर्ण जळला की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड. हे त्रैराशिक बॉयलरला लागू तसंच गृहस्थालाही. फरक एवढाच की राख फक्त बॉयलरची निघते. आपल्या कोळशात ती भरपूर निघते, आणि ती पुन्हा जळत नाही, कारण तिच्यातलं सिलिकॉन +४ ला आणि अॅल्युमिनियम +३ ला आधीच पोचलेलं असतं. ज्याचं सगळं देऊन झालं त्याची वीट करतात, सिमेंट करतात. निवृत्तांनी हे वाक्य मनाला लावून घेऊ नये.

तर्रीची गोष्ट निराळी. तिच्यावर जे लाल तेल तरंगतं त्यातल्या कार्बनचा सरासरी अंक उणे दीडच्या आसपास. म्हणजे त्याला +४ ला पोचायला पोह्यांच्या कार्बनपेक्षा लांबची चढण, आणि चढण जितकी लांब तितकी ऊर्जा जास्त. म्हणून ग्रॅमला पोह्यांच्या स्टार्चमधून चार कॅलरी आणि तेलातून नऊ. डॉक्टर 'तर्री कमी करा' म्हणतात ते याच नंबरामुळे. ठेलेवाला 'सर, तर्री अजून टाकू?' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा नंबर नसतो आणि आपल्याही मनात नसावा.

एक गोष्ट मात्र कराच. तर्रीतल्या हरभऱ्यात लोखंड असतं, पण शाकाहारी जेवणातलं लोखंड बहुतेक +३ चं, आणि आतडं त्याला +२ केल्याशिवाय आत घेत नाही. हे काम क जीवनसत्त्व चोख करतं. तेव्हा पोह्यांवर लिंबू सढळ हाताने पिळून घ्या, हंगामात वर एक संत्रं खा. चहा लोखंडाला आतड्याच्या दारातच अडवतो, म्हणून तो तासाभराने घ्या. पोह्यांच्या ठेल्यावरून चहा न पिता निघालेला नागपूरकर अजून कोणी पाहिलेला नाही, पण आम्ही आपलं सांगायचं काम केलं.